दादाची फौज आणि लाकोटांचा तळ

माझा भाऊ फौजेतून कर्नल होऊन निवृत्त झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या हाउसिंगच्या कम्युनिटी हॉलमध्ये, अकरा मुलांनी त्याचा चार मिनिटांत धुव्वा उडवला. त्या पराभवाची सगळी व्यवस्था मी केली होती. ह्याचा मला पश्चात्ताप झाला का, तर झाला, पण तो त्या पराभवाचा नव्हे. तो पुढे सांगते.

आम्ही दोघंही कोलकात्यातच जन्मलो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत तीन वर्षांसाठी म्हणून बदलीवर आले आणि जन्मभर राहिले. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लहानपणी गच्चीवर किल्ल्यांची लढाई चालायची तेव्हा राजा कायम तोच. मी कधी मोगल, कधी सिद्दी. माणसं जास्त झाली तर मी नुसतीच बुरूज. हात पसरून उभं राहायचं आणि लोकांनी अंगावरून चढून जायचं. पुढे तो फौजेत गेला, मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले. लग्न काही मी केलं नाही. शेवटची नेमणूक बराकपूरला झाली तेव्हा दादाला तिथली नदी आणि तिथली शिस्त दोन्ही आवडली, म्हणून त्याने तिथेच घर घेतलं. मी निवृत्तीनंतर सॉल्ट लेकला आले. आमच्यात आता एक लोकल आणि एक मेट्रो एवढं अंतर आहे, आणि माझ्या मते ते पुरेसं आहे.

तर गोष्ट अशी झाली. सरस्वती पूजेच्या संध्याकाळी हाउसिंगमध्ये मुलांचा कार्यक्रम असतो. त्या वर्षी सेक्रेटरीबाबू मला म्हणाले, "दिदी, नाचगाणी खूप झाली. तुम्ही एखादं नाटक बसवा. काहीतरी शिकण्यासारखं."

शिकण्यासारखं म्हटल्यावर मुलं माझ्याकडे आली ती तोंडं पाडूनच. त्यांची पुढारी होती तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची चष्मेवाली. तिच्या मागे तिची पाच वर्षांची धाकटी बहीण, आणि तिच्या मागे बाकीचे नऊ. सगळी मला दिदा म्हणतात, म्हणजे आजी. बोलणं सगळं बंगालीत. इथे ते मी मराठी करून सांगते आहे.

"दिदा, आम्हाला काउबॉय आणि रेड इंडियनचं नाटक करायचंय," चष्मेवाली म्हणाली. मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात त्या दोघांची लढाई होती. "आम्ही सगळे काउबॉय."

"आणि समोर कोण?"

"ते ठरायचंय." मग जरा थांबून, "दिदा, ते इंडियन म्हणजे आपलेच ना?"

मी सांगितलं की नाही. एक दर्यावर्दी आपल्याकडे यायला निघाला, भलतीकडे पोचला, आणि तिथल्या माणसांना आपलं नाव देऊन बसला.

"म्हणजे चुकून?"

"चुकून."

"मग नंतर दुरुस्त का नाही केलं?"

वर्गात असा प्रश्न आला की मी घड्याळाकडे बघायची. घरात तेवढी सोय नव्हती. मी त्यांना गॅलरीत बसवलं, मोठ्या परातीत मुरी, म्हणजे चुरमुरे, कालवली, आणि म्हटलं, त्या लोकांना स्वतःचं नाव आहे. एक नाही, पुष्कळ आहेत. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते, ते स्वतःला लाकोटा म्हणतात.

दोन दुपारी मी ती गोष्ट सांगितली. गव्यांच्या कळपांमागे फिरणारी माणसं, त्यांचे घोडे, त्यांचे तंबू, त्यांना पवित्र असलेले काळे डोंगर. सरकारने त्यांच्याशी तह केला की हे डोंगर तुमचे, आमचं कोणी इथे येणार नाही.

"आणि मग त्या डोंगरात सोनं सापडलं," मी म्हटलं.

"तह मोडला!" सगळी एकदम ओरडली.

तीस वर्षं शिकवलं, पण पाठ्यपुस्तकाच्या इतकं पुढे धावणारा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

मग मी लिटल बिगहॉर्न नदीकाठची लढाई सांगितली. लाकोटा आणि त्यांचे मित्र नदीकाठी तळ देऊन बसलेत, घोडदळाचा नायक घाईघाईने चालून येतो, आणि त्याच्या हाताखालच्या तुकडीतला एकही जण परत जात नाही. मुलांनी परातीवर थाप मारून टाळ्या दिल्या, मुरी गॅलरीभर उडाली. त्यानंतर मी पुढचंही सांगितलं. अन्न तोडून लोकांना कसं वाकवलं, डोंगर कसे काढून घेतले, आणि शेवटी कडाक्याच्या थंडीत, वुंडेड नी नावाच्या ओढ्याकाठी, शरण आलेल्या लोकांची हत्यारं गोळा करताना त्याच घोडदळाने शेकडो माणसं कशी मारली. बाया, मुलं, म्हातारी. तेव्हा कोणी टाळी दिली नाही. धाकटीने विचारलं, "सगळे मेले?"

"नाही. लाकोटा अजून आहेत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि खाली सांडलेली मुरी वेचायला लागली.

काउबॉयचा विषय तिथेच संपला. आता सगळ्यांना लाकोटा व्हायचं होतं. सैनिक व्हायला एकही तयार नाही. मी म्हटलं, "हरकत नाही. सैनिक बाहेरून मागवू."

हाउसिंगमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांचं एक टोळकं आहे. सहा जण. डोक्याला माकडटोप्या, गळ्याला मफलर, आणि चर्चा जगाची. त्यातल्या डेंटिस्टबाबूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, पण घोडदळ म्हटल्यावर तेही तयार झाले. प्रश्न सेनापतीचा होता. आणि तो मला क्षणभरही पडला नाही.

मी बराकपूरला फोन लावला.

"दादा, मुलांचं नाटक आहे. घोडदळाचं. तुला सेनापती करायचं आहे."

"कुठली लढाई?"

"अमेरिकेतली आहे. जुनी."

"मी जिंकतो का?"

"एकदा हरतोस," मी म्हटलं, "आणि एकदा जिंकतोस."

"हे बरं आहे," दादा म्हणाला. "समतोल आहे."

ह्यात मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. माझी शाळेत ख्याती होती की बाई खोटं बोलत नाहीत, पण पेपर अवघड काढतात.

पहिल्या तालमीला तो अर्धा तास आधी आला. बराकपूरची लोकल, सियालदहला उतरून मेट्रो, आणि इतकं करून पँटची इस्त्री जागच्या जागी. खिशात शिट्टी. त्याने सहाही गृहस्थांना ओळीत उभं केलं, पोटं आत घ्यायला लावली आणि घोडे मागितले. घोडे म्हणून आम्ही छत्र्या दिल्या. बंगाली सद्गृहस्थाच्या घरात छत्र्यांना तोटा नसतो. वाकड्या मुठीची छत्री समोर धरली की मूठ म्हणजे घोड्याची मान. दादाने त्यांना चाल शिकवली, दुडकी शिकवली, डेंटिस्टबाबूंना गुडघ्यामुळे चालीचीच परवानगी दिली. तासाभरात ते टोळकं खरोखर पलटणीसारखं दिसायला लागलं. माकडटोप्या तेवढ्या उतरवायला कोणी तयार झालं नाही.

"शत्रू कुठे आहे?" दादाने विचारलं.

"हॉलच्या आत. नदीकाठी तळ आहे."

"किती जण?"

"तुला माहीत नाही."

"टेहळे पाठवले होते?"

"पाठवले होते. ते म्हणाले तळ फार मोठा आहे. तू ऐकलं नाहीस."

"मी का ऐकणार नाही?"

"तुला घाई आहे."

"मला कधीच घाई नसते," दादा म्हणाला.

पुढे जे झालं त्यात माझा हात नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्या नायकाने आपली फौज तुकड्यांत विभागली होती, आणि तिथेच तो फसला होता. दादाला मी हे सांगितलं नव्हतं. त्याने हॉलकडे बघितलं, दारं मोजली आणि स्वतःहून फौजेचे तीन भाग केले. दोघं बाथरूमच्या बाजूने, दोघं स्वयंपाकघराच्या दाराने, आणि मधून तो स्वतः, डेंटिस्टबाबू आणि आणखी एक जण. शिट्टी वाजली. आतून अकरा मुलं अशी काही सुटली की बाथरूमकडची तुकडी बाथरूममध्येच कोंडली गेली. स्वयंपाकघराकडच्यांनी आपण होऊन छत्र्या खाली टाकल्या. डेंटिस्टबाबूंचा घोडा पळवला. दादाभोवती मुलांचं कडं पडलं आणि चष्मेवालीने त्याच्या पोटाला बोट लावलं. मुलं त्याला दादू म्हणत, म्हणजे आजोबा.

"कर्नल दादू, तुम्ही मेलात."

"मेलो नाही. मी माघार घेतोय."

"कुठून? दारात आम्हीच आहोत."

दादाने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे आधीच ठरलं होतं का गं?"

"हो," मी म्हटलं. "फार पूर्वी."

तो चहा न घेता गेला. मला वाटलं, संपलं, आता येत नाही. पण पुढच्या शनिवारी तो परत अर्धा तास आधी हजर, आणि हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा. त्याने आठवडाभर वाचन केलं होतं. नदी निळी, टेकड्या तपकिरी, तळ लाल. मुलांना गोल बसवून त्याने अर्धा तास त्या नायकाच्या चुका समजावून सांगितल्या, आणि बोलताना त्याचा आवाज इतका चढला की कोणाला वाटावं, तो माणूस दादाच्या हाताखाली होता. शेवटी आपल्या सहा शिपायांकडे वळून म्हणाला, "हा पराभव नीट झाला पाहिजे. गेल्या वेळी तुम्ही फारच ढिसाळ मेलात."

त्याच दिवशी सेक्रेटरीबाबू पूजेच्या मांडववाल्याकडून पोतंभर रंगीत पिसं घेऊन आले. "डोक्याला बांधायला," ते आनंदाने म्हणाले. मुलं पोत्यावर तुटून पडली. एकाने तोंडावर हात आपटत आरोळीही ठोकली.

मी पोत्याचं तोंड बांधलं. म्हटलं, पिसं त्यांच्याकडे मानाची असतात, मिळवावी लागतात. उद्या कोणी आपलं सोंग काढायचं म्हणून गळ्यात सतरा जानवी घालून नाचला तर?

"पण मग लोकांना कळणार कसं, लाकोटा कोण आणि सैनिक कोण?" चष्मेवालीने विचारलं. सेक्रेटरीबाबूंनी मान हलवली, त्यांचाही तोच मुद्दा होता.

बराच वाद झाला. अखेर ठरलं की सैनिकांचे सगळ्यांचे कपडे एकसारखे, आणि लाकोटांनी घरचे कपडे घालायचे. कारण ते घरीच होते. आले होते ते सैनिक. शिवाय मी प्रत्येकाला सांगितलं, घरातली अशी एक वस्तू आणा जी तुम्ही सहजासहजी कोणाला देणार नाही. दुसऱ्या भागात हत्यारं गोळा करतात तेव्हा तीच द्यायची. कोणी बाबांचा टॉर्च आणला, कोणी आजीची काठी, कोणी बॅडमिंटनची रॅकेट, एकीने आईचा पितळी डाव. धाकटीने वाढदिवसाची नवी बॅट आणली. तालमीत दादाने ती, लगेच परत देतो म्हणत, इतरांच्या वस्तूंबरोबर पोत्यात भरली आणि चुकून पोतं हॉलच्या कपाटात ठेवून बराकपूरला निघून गेला. किल्ली त्याच्या खिशात. बॅट दोन दिवसांनी सुटली. धाकटी तेव्हा काही बोलली नाही. पाच वर्षांची मुलं सगळं लक्षात ठेवतात, एवढंच मी त्यातून शिकले.

दुसऱ्या भागाबद्दल दादाने अजून काही विचारलं नव्हतं. त्याच्या वाचनात तो भाग यायचा होता. एका दुपारी मी जेवत होते तेव्हा फोन आला.

"तू म्हणाली होतीस, एकदा जिंकतोस."

"हो."

"हे जिंकणं?"

मी घास खाली ठेवला.

"ते पांढरं निशाण लावून आले होते," दादा म्हणाला. "त्यांचा म्हातारा नायक आजारी होता, न्युमोनिया झालेला. चहूबाजूंनी सैनिक, टेकडीवर तोफा, आणि मधे हत्यारं टाकून बसलेली माणसं. बाया पळाल्या तर दूरपर्यंत पाठलाग करून मारल्या. तुला हे माहीत होतं."

"मुलांनाही माहीत आहे. मी सांगितलं होतं."

"आणि ह्याची पदकं वाटली. शौर्याची. हेही सांगितलंस?"

हे मी सांगितलं नव्हतं. आणि दादाने त्या नाटकात घालायला म्हणून स्वतःची पदकं पॉलिश करून ठेवली होती, हे मला वहिनीकडून आधीच कळलं होतं. मी त्यावर आठवडाभर मनातल्या मनात हसले होते. आता हसू येईना. थट्टा सुरू करणाऱ्याला ती कुठे थांबवायची ते ठाऊक असतं असा माझा समज होता. तो गेला तो त्या जेवणात.

"मी पहिला भाग करतो," दादा म्हणाला. "दुसरा नाही. शिपाई असं करत नाही."

मुलांना मी हे सांगितलं तर ती खूषच झाली. "मग पहिलाच करू! जिंकलो आणि संपलं!" मला तो मोह पडला हे कबूल करते. पण शनिवारी तालमीला खालच्या मजल्यावरच्या शेजारीण बौदी, म्हणजे बंगालीत वहिनी, आल्या होत्या. त्या कॉलेजात शिकवायच्या, आता मुलांसाठी चहा-बिस्किटं सांभाळतात, आणि कोणाला काय टोचेल ते त्यांना बरोबर कळतं. दादा चहा घेताना त्यांनाही तेच म्हणाला, शिपाई असं करत नाही.

"कुठला शिपाई?" बौदींनी विचारलं.

"कुठलाही. निदान आमचा तरी नाही."

"तुमचा म्हणजे मराठ्यांचा?" बौदी गोड हसल्या. "कर्नलसाहेब, इथे मुलांना झोपवताना कोणाची भीती घालतात ते ठाऊक आहे ना?"

दादाला ते ठाऊक नसेल कसं? बर्गी. मराठ्यांचे स्वार बंगालवर चालून आले होते, लुटालूट केली होती. ती आठवण इथल्या अंगाईत शिल्लक आहे. शाळेत दादाला मुलं बर्गी म्हणून चिडवायची आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. तेच तो आताही करायला गेला. "ठाऊक आहे की. शाळेत सगळे मला टरकून असायचे."

"माझ्या आजीचं माहेर वर्धमानकडचं," बौदी म्हणाल्या. "तिच्या गावात सांगायचे, स्वार आले तेव्हा आख्खं गाव तळ्यात उतरलं होतं. गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर कमळाची पानं. दिवसभर. एका बाईचं तान्हं मूल रडायला लागलं. पुढचं आजी कधी सांगायची नाही." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. "घ्या ना. आल्याची आहेत."

दादाने बिस्किट घेतलं नाही. "ते वेगळं होतं," तो म्हणाला.

"असेल," बौदी म्हणाल्या.

तो लवकरच्या लोकलने परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याचा निरोप आला, फौजी थाटात, एकेका ओळीत. दुसरा भाग करू. पदकं घालणार नाही. हुकमाची वाक्यं मी लिहीन.

पूजेच्या दिवशी हॉल खचाखच भरला. पिवळ्या साड्या, पिवळे कुडते, झेंडूचा आणि खिचडीचा मिसळलेला वास. पूजेला आलेला ढाकी, म्हणजे मोठा ढोल वाजवणारा, त्यालाच आम्ही रंगमंचाच्या कडेला बसवला होता. दुसऱ्या भागात दादा हात वर करून खाली आणेल, त्या खुणेवर एकच ठोका, आणि दिवे बंद. गोळीबार एवढाच दाखवायचा.

पहिला भाग जोरदार झाला. सहाही शिपाई इतके मन लावून मेले की प्रेक्षकांनी एकेकाला टाळ्या दिल्या. डेंटिस्टबाबूंना गुडघ्यामुळे खाली पडायलाच दीड मिनिट लागलं, आणि मुलं भाले रोखून सभ्यपणे वाट बघत उभी राहिली. दादा सगळ्यात शेवटी पडला, नकाशातल्या टेकडीवर, म्हणजे उलट्या ठेवलेल्या टेबलावर.

दुसऱ्या भागात मुलं शाली, रजया पांघरून गोल बसली होती. दादा आला. साधा खाकी स्वेटर, डोक्यावर काही नाही. म्हणाला, "हत्यारं इथे आणून ठेवा. कोणाला काही होणार नाही."

एकेक जण उठून वस्तू ठेवायला लागला. आणि प्रेक्षक हसायला लागले, कारण वस्तू त्यांच्याच घरच्या होत्या. "अगं, माझा डाव! सकाळपासून शोधतेय!" एक आई ओरडली. काठी गेली, टॉर्च गेला. मग धाकटीची पाळी आली आणि ती बॅट छातीशी धरून बसून राहिली.

दादाने हात पुढे केला. ती हलेना. त्याने बॅटचं दुसरं टोक धरलं. तिने ओढलं. हॉलमध्ये हशा. दादा खाली वाकून पुटपुटला, पण माइक जवळच होता. "नाटक झालं की लगेच परत देतो."

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणालात!" ती ठणकावून म्हणाली.

लोक खुर्च्यांवर हात मारून हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. चष्मेवालीला मात्र काळजी पडली की नाटक अडलं. तिथे एक वाक्य होतं. वुंडेड नीला एका माणसाने बंदूक सोडली नाही, तो बहिरा होता असं सांगतात. रॅकेट घेतलेल्या मुलाच्या बाबतीत ते वाक्य यायचं होतं. तिने ते इथेच वापरलं.

"त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. कोणी थांबेना म्हणून मोठ्याने, "त्याला ऐकू येत नाही! त्याला काही कळलेलं नाही!"

हसू पुढच्या रांगेपासून कमी होत मागे गेलं. दादाने दोघी बहिणींकडे बघितलं. बॅट सोडून दिली. सोडताना त्याचा हात खाली आला.

आणि ढाकीने ठोका दिला.

दिवे गेले. अंधारात मुलं शिकवल्याप्रमाणे आडवी झाल्याचा आवाज आला. दिवे आले तेव्हा दहा मुलं रजयांखाली पडलेली होती आणि धाकटी बॅट घेऊन उभी.

"मी नाही मेले," ती म्हणाली.

चष्मेवालीने एक डोळा उघडला. जरा विचार केला, मग उठून बसली आणि शेवटचं भाषण तिथूनच म्हणायला सुरुवात केली. "लाकोटा आजही आहेत. ते आपली भाषा मुलांना शिकवतात. त्या डोंगरांबद्दल पैसे घ्या असं सरकार म्हणालं, तर ते म्हणाले, पैसे नकोत, डोंगर द्या." पाठ केलेलं होतं, पण तिने ते भांडणाच्या सुरात म्हटलं. ते चांगलंच वाटलं.

मी मागे गेले. दादा ढाकीसमोर उभा होता.

"बाबू, तुमचा हात खाली आला, मी वाजवलं," ढाकी सांगत होता.

"मी आणला नव्हता. सुटला."

"मला काय कळणार, बाबू?"

"नाही कळणार," दादा म्हणाला. त्याने ढाकीच्या खांद्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाला, "तिथेही दुसऱ्या दिवशी असंच बोलणं झालं असेल. कोणाचा हात, कसा सुटला."

"असेल," मी म्हटलं. "पण तोफा आधीपासून टेकडीवर होत्या."

"हो. तेही आहे."

मला त्याची माफी मागायची होती. पन्नास वर्षांत मी ती मागितलेली नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते आठवेना. "तुला मी नीट सांगायला हवं होतं," एवढं कसंबसं म्हटलं.

"नीट सांगितलं असतंस तर मी आलोच नसतो," दादा म्हणाला. "चल, भूक लागली."

खिचडीच्या पंगतीत सेक्रेटरीबाबू मला भेटले. ते जरा गोंधळलेले होते. लोकांनी अभिनंदन केलं होतं, पण दोन आज्या रडत घरी गेल्या होत्या. "दिदी, फार सुंदर," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नाच ठेवू."

दादा डेंटिस्टबाबूंच्या शेजारी बसला होता आणि तिथे एक वेगळाच तंटा पेटला होता. सहाही शिपाई, आपल्यापैकी कोण सर्वांत चांगलं मेलं ह्यावर हातघाईला आले होते. डेंटिस्टबाबूंचं म्हणणं, टाळ्या त्यांना जास्त. बाकीच्यांचं म्हणणं, त्या गुडघ्याला होत्या. सेनापती म्हणून निकाल दादाकडे आला. त्याने खिचडीत आणखी तूप मागून घेतलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला की शिस्तीच्या दृष्टीने बाथरूममध्ये कोंडले गेलेले दोघं उत्तम, कारण ते आवाज न करता मेले. त्या दोघांनी उभं राहून सलाम ठोकला. डेंटिस्टबाबू पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी दादाला मेट्रोपर्यंत सोडायला गेले. स्टेशनच्या पायऱ्यांशी थांबून म्हणाला, "शनिवारी येतो."

"अरे, तालीम संपली आता."

"माहीत आहे मला."

शनिवारी तो आला, अर्धा तास आधी. पिशवीत बराकपूरच्या बागेतले पेरू होते, अकरा मोजून आणलेले. मुलांनी एकेक चावून बघितला आणि कच्चे आहेत म्हणून सगळे परत केले.